धुतलेलं मीठ

चैत्र लागला की आमच्या वणीच्या घरी दाराशी पाण्याचा रांजण भरतात. देवीच्या गडाकडे पायी निघालेली माणसं थांबतात, दोन पेले पितात, ‘अंबे माते’ म्हणून पुढे जातात. कोण, कुठले, कधी कुणी विचारलं नाही. त्याच ओट्यावर बसून मी ‘स्मृतिचित्रे’ वाचलं.

दिलं ते नाशिकच्या शरणपुरातल्या ख्रिस्ती मैत्रिणीनं. खाकी कव्हर घातलेलं, पानांत जुनी एसटीची तिकिटं. “आमच्याकडचं पुस्तक आहे,” ती म्हणाली, “पण वाचलंस की तुझं होईल.” ख्रिस्ती पुस्तक म्हणजे उपदेश असणार, असं धरून मी ते महिनाभर कपाटावर ठेवलं. त्या महिन्याची मला आजही हळहळ वाटते.

हे आत्मचरित्र लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक आमच्याच जिल्ह्यातल्या, जलालपूरच्या. जन्म 1868 चा. वडील इतके सोवळे, की बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं. तिथे मी थांबले. मीठ धुतलं तर उरेल किती? मुठीतून ओघळून जाणारं ते मीठ मला दिसायला लागलं आणि त्या घरातली लहान मुलगी डोळ्यांपुढे उभी राहिली.

लग्न झालं नारायण वामन टिळकांशी. मोठे कवी, पण एका जागी न टिकणारे. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीतल्या एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला. ओळखपाळख नाही. तेही एक हातातून हातात आलेलं पुस्तकच. 1895 च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि इकडे बाईंच्या पायाखालची जमीनच गेली.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो यानंतरचा भाग. नवऱ्यावर जीव आणि जन्माचं सोवळं, या दोहोंत ती बाई वर्षानुवर्षं ओढली गेली. ती नवऱ्याच्या मागून मुकाट गेली नाही. जात माणसांनी केली की देवानं, याचा विचार तिनं स्वतःच्या डोक्यानं केला, आणि 1900 साली बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या पायानं चालत जाऊन. पुढे तिच्या घरात दुष्काळातली अनाथ पोरं वाढली, बालकवी ठोंबरे पोरासारखे राहिले. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईची मराठी अशी, की चुलीपुढे बसून शेजारीण बोलतेय असं वाटावं. इतकं दुःख आणि पानापानावर हसू. मला तिचा देव त्या हसण्यात भेटला, आणि त्यासाठी मला माझी देवी सोडावी लागली नाही.

संध्याकाळी मी आईला मोठ्यानं वाचून दाखवू लागले. आई सत्तरीची, मंगळवार कडक पाळणारी. मिठाची गोष्ट ऐकून म्हणाली, “आमच्या आजीकडं पण असंच होतं गं.” टिळक घर सोडून गेले तिथं तिनं पोथी ऐकतात तसे हात जोडले होते.

“मग? आला का तो परत?”

“नाही आई. तीच गेली.”

“धर्म सोडून?”

“आधी नुसतीच गेली, त्याच्यापाशी राहायला. धर्माचं नंतर ठरवलं. तिचं तिनं.”

आई बराच वेळ बोलली नाही. रस्त्यावरून गडाकडे जाणाऱ्यांचा एक जथा आला. आई उठली, पेला विसळून रांजणावर ठेवला, आणि परत येऊन बसताना म्हणाली, “वाच.”