आमचें पौरोहित्य

गेल्या आषाढांत यवतमाळास पावसाची अशी झड लागली कीं, शेतांतलें निंदण थांबलें आणि मुलें घरांतच अडकलीं. तेव्हां आमच्या भाचीनें एक खेळ मांडला व गडी कमी पडतो म्हणून आम्हांस त्यांत ओढलें. ‘डंजन्स ॲण्ड ड्रॅगन्स’ हें त्याचें नांव. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्यांनीं तो प्रसिद्ध केला. एकानें सूत्रधार होऊन कथा सांगावी, इतरांनीं एकेक पात्र घेऊन तींत शिरावें, आणि शंका येईल तेथें वीस पैलूंच्या फांशानें निकाल द्यावा, असा त्याचा मासला.

लढवय्या, चोर, मांत्रिक हीं पात्रें मुलांनीं आधींच पटकावलीं होतीं. उरला तो ‘क्लेरिक’, म्हणजे देवाच्या बळावर जखमा बऱ्या करणारा पुरोहित. आमच्याकडचा भगत म्हटलें तरी चालेल. वयास शोभेल असें म्हणून तो आमच्या गळ्यांत पडला. खरें कारण एवढेंच कीं, तो दुसऱ्या कोणास नको होता. वस्तुतः ह्या पात्राचा जन्म मोठा लढाऊ आहे. आर्नेसनच्या मंडळींत एक गडी रक्तपिपासु पिशाच्च होऊन अनावर झाला, तेव्हां त्यास आवरावयास दुसऱ्यानें हा पिशाच्चांचा वैरी उभा केला. पहिल्या नियमांत त्यास धारेचें शस्त्र वर्ज्य होतें आणि पहिल्या पायरीवर एकही मंत्र मिळत नसे. मलम लावणारा म्हातारा ही त्याची कीर्ति मागाहूनची.

पुस्तकांतले परके देव आमच्या जिभेवर बसेनात, म्हणून आम्हीं कळंबचा चिंतामणि मागून घेतला. नागपूरच्या वाटेवरील त्या देवळांत देवापाशीं जावयास पायऱ्या उतराव्या लागतात. आमची कथाही भुयारांतलीच. भाचीनें हरकत घेतली नाहीं.

मुलें २०१४ सालच्या नियमांनीं खेळतात. त्यांप्रमाणें तिसऱ्या पायरीच्या पुरोहितापाशीं दिवसाकांठीं मंत्रांचे सहा प्रयोग असतात. ते आम्हीं कसे उधळले तें सांगावयास आजही संकोच वाटतो. चोरास ओरखडा उठला, लाव मंत्र. मांत्रिकाचा पाय मुरगळला, लाव मंत्र. एक तर आमच्या स्वतःच्याच खांद्यावर खर्चला. प्रत्येक वेळीं मुलें ‘वाहवा काका’ म्हणत, आणि आम्ही सुखावत होतों. मग शेवटच्या दालनांत धाकट्या पुतण्याचा लढवय्या पडला. अकरा वर्षांच्या त्या मुलानें त्याचें नांव रायबा ठेविलें होतें, वहींत मिशांसह चित्र काढिलें होतें. पडलेल्यानें प्रत्येक पाळीस फांसा टाकावयाचा. दहाच्या खालीं तीनदां पडला कीं मृत्यु. सात पडले. मग तेरा. मग चार. त्यानें आमच्याकडे पाहिलें.

“काका, तुमच्यापाशीं कांहींच नाहीं काय आतां ?”

कांहीं नव्हतें. मरणोन्मुखास हात लावून थोपविणारा एक फुकटचा मंत्र असतो. तोही आम्हीं उजेड पाडण्याच्या मंत्रापायीं सोडला होता. शेवटीं दोन पडले. मुलानें वही मिटली आणि तो ओसरीवर जाऊन पाऊस पाहत बसला. रात्रीं तो जेवला नाहीं.

भाची एका ग्रामीण रुग्णालयांत परिचारिका आहे. भांडीं आवरतां आवरतां ती म्हणाली, “मामा, जो ओरडतो त्याच्यांत जीव असतो. आम्ही आधीं गप्प पडलेल्याकडे धांवतों.” मग तिनें आम्हांस पुस्तक उघडून दाखविलें. ह्या खेळांत एक श्वास उरलेला गडी पुऱ्या बळानेंच लढतो. आणि शत्रूचा एक घाव बहुधा आमच्या मंत्रानें भरून येईल त्याहून मोठा असतो. म्हणजे अर्ध्या जखमेवर मंत्र घालणें हें फुटक्या घागरींत पाणी ओतणें होय. साठ फुटांवरून पडलेल्यास उठविणारा एक लहानसा मंत्र आहे. त्याचा एखादा प्रयोग सदैव गांठीस ठेवावा. बाकीचें बळ लढाईच्या आरंभींच आशीर्वादांत घालावें. तो तिघांस लाभतो, आणि त्यांच्या प्रत्येक वारास चार पैलूंच्या फांशाची जोड मिळते. मात्र पुरोहिताचें चित्त ढळलें कीं तो विरतो. म्हणून त्यानें मार खाईल अशा जागीं मिरवूं नये. आम्हांस तर पुढें मिरवण्याचीच हौस. त्यांतून आशीर्वादाबद्दल ‘वाहवा’ कोणी म्हणत नाहीं, ही अडचण निराळीच !

दोन दिवस धाकटा खेळावयास आला नाहीं. तिसऱ्या दिवशीं तो रायबाचा भाऊ घेऊन आला आणि आमच्यापासून लांब, पाटाच्या दुसऱ्या टोंकास बसला. आम्हीं आरंभींच आशीर्वाद दिला व खांबाआड उभे राहिलों. चोराच्या दंडावर घाव बसला. तो ‘काका, काका’ म्हणूं लागला. आम्ही हललों नाहीं. तो रुसला. पुढें भुयाराच्या तोंडाशीं राक्षस आडवा आला, धाकट्यानें फांसा टाकला, आणि तो दोनांनीं कमी पडला. त्याचा चेहरा उतरूं लागला तोंच आम्हीं चार पैलूंचा फांसा त्याच्यापुढें सरकविला. तीन पडले.

“मींच मारला ! पाहिलें न, काका, मींच मारला !” असें ओरडत तो पाटावरून उठला, आणि परत बसला तो आमच्या शेजारीं.

“पाहिलें,” आम्ही म्हणालों. गांठीस दोन मंत्र शिल्लक होते.