आजपासून फुल तिकीट!

तुमच्या घरात कुणी बारा वर्षांचं आहे? भाचा, भाची, मामेबहीण, कुणीही? मग "श्शी, बोअर!" हा डायलॉग तुम्हाला पाठ असणार. टीनएजर व्हायला एक वर्ष बाकी, पण ऐट मात्र कॉलेजला जाणाऱ्यांची. कार्टून नको, फुगे नकोत, सेल्फी तर अजिबातच नको. अशा व्यक्तीचा वाढदिवस साजरा करायचा म्हणजे काय दिव्य असतं, ते मला विचारा!

माझी भाची ठाण्यात राहते. यंदा बारा पूर्ण होणार म्हणून पंधरा दिवस आधीच मी फोनाफोनी सुरू केली. "वॉटर पार्क? किती मैत्रिणी येतील?" "नको, शाळेच्या ट्रिपला झालंय." "पिझ्झा पार्टी? सात-आठ जणी बोलाव." "नको." "मूव्ही? सगळ्यांची तिकिटं मी काढते." "मावशी, राहू दे ना." मी चिडले. आजकालच्या मुलांना काही म्हणून आवडत नाही, असं ताईला ऐकवूनही झालं. गेल्या वर्षी हिलाच गेमिंग झोनमध्ये नेलं होतं. कार्डात भरलेले पैसे पाऊण तासात संपले आणि बाईसाहेबांनी मला पाहुण्यांना म्हणतात तसं "थँक्यू" म्हटलं. ते थँक्यू वर्षभर टोचत होतं.

त्यात मी फ्रीलान्सर. लेख छापून येतो सोमवारी आणि चेक येतो देवाच्या मनात येईल तेव्हा! माझं बजेट होतं बरोब्बर हजार रुपये. शेवटी तिला म्हटलं, "पैसे माझे, प्लॅन तुझा. हजार रुपये तुझ्या हातात देते. दिवसभर आपण दोघीच. कुठे जायचं, काय खायचं, तू ठरव. अट एकच, घरी परत यायला पैसे उरले पाहिजेत." पलीकडे शांतता. मग प्रश्न आला, "फक्त दोघीच?" म्हटलं, "हो." "मग चालेल!" आणि मॅडमनी निवडलं सीएसएमटी आणि फोर्ट.

शनिवारी सकाळी ठाणे स्टेशन. सवयीनं मी खिडकीवर म्हणाले, "एक फुल, एक हाफ." मागून कुर्त्याला हिसका. "मावशी, आजपासून मी फुल." खरंच की! रेल्वेत बारा पूर्ण झाले की अर्धं तिकीट बंद. आपण मोठ्ठा केक आणतो, पण ती मोठी झाली हे आधी रेल्वेनं ओळखलं होतं. तिनं स्वतः पैसे दिले आणि तिकीट पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं.

ही लाइनही काही साधीसुधी नाही बरं का. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्यालाच आली होती, ३४ किलोमीटर. आम्ही तोच रस्ता उलटा पकडला. लेडीज डब्यात, खिडकीजवळ.

रोज लाखो माणसं सीएसएमटीतून पळत असतात, त्यामुळे मान वर करायला फुरसत कुणाला? आम्ही रस्ता ओलांडून समोर उभ्या राहिलो आणि स्पर्धा लावली. दगडातले प्राणी शोधायचे, जास्त शोधेल तिच्या पसंतीचं आइस्क्रीम. मुख्य फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ आपला. मग मोर सापडला, माकड सापडलं. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेल्या या इमारतीचं काम १८७८मध्ये सुरू झालं आणि त्याला दहा वर्षं लागली. २००४मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली. पण मॅडमना आवडली ती वेगळीच गोष्ट. हे कोरीवकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलंय. "म्हणजे स्टुडंट्सनी? आणि अजून टिकलंय?" फोन बाहेर निघाला, पण सेल्फीसाठी नाही, वाघासाठी. स्पर्धा अर्थातच मी हरले.

तिथून पायी धोबीतलाव. मेट्रो सिनेमासमोरची कयानी अँड कंपनी १९०४ची. वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, चौकटीच्या कापडाची टेबलं. ब्रून मस्का चहात बुडवायचा असतो हे शिक्षण पार पडलं. नंतर मावा केक आले. मी मेणबत्तीचा विषय काढणार, तेवढ्यात एक कडक लूक मिळाला. गप्प बसले. बिल आलं ३१० रुपये. ते तिनं दोनदा तपासलं आणि मोबाइलमध्ये लिहून ठेवलं.

पुढचा स्टॉप ओव्हल मैदान. एका बाजूला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, म्हणजे व्हिक्टोरियन गॉथिक. दुसऱ्या बाजूला गोलसर बाल्कन्यांच्या आर्ट डेको बिल्डिंगा. ही जोडगोळी २०१८मध्ये जागतिक वारसा ठरली. "तुला कुठली बाजू आवडली?" मी टीचरसारखं विचारलं. "मधली," ती म्हणाली. मध्ये एकाच वेळी कितीतरी टीम्सचं क्रिकेट चालू होतं. बरोबरच आहे! फ्लोरा फाउंटनजवळच्या फुटपाथवर २०० रुपयांत घासाघीस करून तीन जुनी पुस्तकं पदरात पडली. दुपारचं सँडविच आणि सरबत १४० रुपयांत झालं.

मग काळा घोडा. मूळ पुतळ्यात घोड्यावर राजा होता, सातवे एडवर्ड. तो १९६५मध्ये इथून हलवला आणि आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. २०१७मध्ये इथं नवा घोडा आला, पण स्वाराशिवाय. ती बराच वेळ बघत राहिली. "वर कुणी नाही तरी मस्त दिसतो ना?" मी "हो" म्हटलं आणि पुढे चालू लागले. तेव्हा काही कळलं नाही.

कळलं ते मरीन ड्राइव्हवर. चर्चगेटजवळच्या के. रुस्तमचं वेफरमधलं आइस्क्रीम दोघींच्या हातात, वितळायच्या आत संपवायची घाई. समुद्राकडे बघत ती सहज म्हणाली, "मावशी, पार्टीला बोलवायला कुणी नव्हतंच. ग्रुपनं मला काढून दुसरा ग्रुप केलाय."

माझा घास घशातच अडकला. माझा प्रत्येक फोन "किती मैत्रिणी?"नं सुरू झाला होता. ती वॉटर पार्कला नाही म्हणत नव्हती, त्या प्रश्नाला नाही म्हणत होती. आणि मी तिला नखरेल ठरवून मोकळी! "आईला माहितेय?" "नाही. तू सांगू नकोस, मी सांगेन." मी "बरं" म्हटलं. उपदेश केला नाही, "होतं असं" म्हटलं नाही. फक्त सातवीत माझ्याशी कोण कोण बोलत नव्हतं ते सांगितलं. ती हसली. खरं हसली!

परतताना एनसीपीएहून एसी डबलडेकर मिळाली. जुन्या लाल डबलडेकर २०२३मध्ये निवृत्त झाल्या आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत याच भागात या इलेक्ट्रिक गाड्या आल्या. वरच्या मजल्यावरची पुढची सीट मिळाली, अजून काय हवं? मे २०२५च्या भाडेवाढीनंतर एसीचं किमान तिकीट १२ रुपये झालंय, तरी ही राइड स्वस्तच!

हिशेब असा: जाऊन-येऊन लोकल ६०, कयानी ३१०, पुस्तकं २००, दुपारचं खाणं १४०, आइस्क्रीम २००, बस २४. एकूण ९३४. उरलेले ६६ रुपये मॅडमनी मला परत दिले. चक्क!

तुम्हालाही असा दिवस काढायचा असेल तर थोडक्यात फंडा. रविवार असेल तर आधी मेगाब्लॉक बघा. चालायचे बूट घाला, पाण्याची बाटली घ्या. ऊन फारच झालं तर जहांगीर आर्ट गॅलरीत शिरा, तिथं तिकीट नाही. पैसे मुलाच्याच हातात द्या आणि तो चुकीचा खर्च करत असला तरी जीभ चावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "कोण कोण येणार?" हा प्रश्न आधी विचारूच नका.

ठाण्याला उतरलो तेव्हा ती म्हणाली, "पुढच्या वर्षी कुठे जायचं ते मी आत्ताच ठरवलंय. पण सांगणार नाही." यंदा थँक्यू नव्हतंच. परतीचं तिकीटही तिनं पर्सच्या त्याच कप्प्यात ठेवलं होतं. फुल.