चोप वर होईपर्यंत

नातेपुत्यासारख्या गावात राहून मराठी शिकविणाऱ्या माणसाने संगणकाच्या आज्ञावलीवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण शब्दांवर पोट भरणाऱ्याला नवा शब्द कानी पडला की स्वस्थ बसवत नाही. माझी भाची पुण्याला हिंजवडीत आज्ञावल्या लिहिते. आषाढात पालखीच्या मुक्कामाला ती घरी आली, ती आपले काम बरोबर घेऊनच. तिच्या तोंडून 'डिपेन्डन्सी इंजेक्शन' हा शब्द ऐकला, तेव्हा मला प्रथम आठवला तो दवाखाना!

ती हसली. म्हणाली, "मामा, समजा, दुकानाची बिलं करणारा एक कारकून आम्ही घडवला. खरा माणूस नव्हे हं, आज्ञावलीतलाच एक घटक. त्याला आम्ही ऑब्जेक्ट म्हणतो. त्याला दरपत्रक लागतं, खातेवही लागते. ती त्यानं स्वतः शोधत हिंडायचं नाही. वर एक कारभारी असतो, तो आणून देतो. बाहेरून आत घालायचं, म्हणून इंजेक्शन."

हे नाव रूढ झाले ते मार्टिन फाउलर यांच्या जानेवारी २००४ मधल्या एका लेखाने. त्याच वर्षी जावा भाषेतल्या 'स्प्रिंग' या चौकटीची १.० ही पहिली पक्की आवृत्ती निघाली आणि असा कारभारी पुढे कितीतरी कचेऱ्यांत जाऊन बसला.

"मग अडतं कुठं?" मी विचारले.

"क्रमात. ऑब्जेक्ट जन्मताना जे काम चालतं, त्याला कन्स्ट्रक्टर म्हणतात. पुष्कळदा कारभारी आधी कारकुनाला जन्माला घालतो आणि मग त्याच्या हाती वस्तू देतो. कारकून जन्मताजन्मताच दर वाचायला लागला, तर हात रिकामे! सगळी आज्ञावली तिथंच बसते."

यावर तोड अशी, की सज्ज होण्याची कामे निराळी लिहून ठेवायची आणि त्यांच्यावर 'पोस्टकन्स्ट्रक्ट' अशी चिठ्ठी चिकटवायची. कारकुनाला हवे ते सारे मिळाले, की कारभारी ती चिठ्ठी पाहून तेवढी कामे एकदाच करवून घेतो. नंतरच कारकून गल्ल्यावर बसतो. ही चिठ्ठी जावाच्या जगात २००६ साली प्रमाण ठरली. सज्ज होतानाच काही खोट निघाली, तर स्प्रिंगचा कारभारी सहसा दुकानच उघडत नाही. गिऱ्हाइकासमोर फजिती होण्यापेक्षा ते बरे! हल्लीचे जाणकार म्हणतात, की जमेल तेवढे जन्मतानाच हाती द्यावे, म्हणजे रिकाम्या हातांची वेळच येत नाही. तरी दरपत्रक उघडणे, वाचणे, ताडून पाहणे ही जड कामे मागाहूनच बरी, असे भाचीचे मत.

मला यात मोठी ओळखीची गोष्ट दिसली. ज्ञानेश्वर माउलींची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि रात्रीला आमच्या गावी थांबते. तंबू उभा राहिला, पालखी येऊन टेकली, एवढ्याने मुक्काम लागत नाही. दिंड्या भोवती गोलाकार उभ्या राहतात, टाळमृदंगांचा कल्लोळ चाललेला असतो. मग चोपदार चोप उंच करतो आणि क्षणात सारे शांत होते. त्या शांततेत एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहिले, तर समजावे की तिची काही तक्रार आहे. ती ऐकून घेतली जाते. हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्याच्या निघण्याची वेळ सांगितली जाते आणि मगच समाजआरती होते. पायपिटीने दमलेला एवढा समाज, पण एका दिंडीच्या टाळांसाठी आरती थांबते!

वर्गात मात्र आम्ही मास्तर लोक थांबत नाही. पूर्वी मी एका महाविद्यालयात शिकवीत असे. तिथे वाडीवरचा एक मुलगा पहिल्या वर्षाला आला होता. शिष्यवृत्तीचे पैसे यायचे होते, म्हणून पुस्तके नव्हती. ग्रंथालयाचे कार्डही झाले नव्हते. पहिल्याच आठवड्यात एका सहकाऱ्यांनी त्याला उभे करून चार प्रश्न विचारले. एकाचेही उत्तर आले नाही. "तुझ्यात काही नाही रे," असा निकाल भर वर्गात लागला. चौथ्या दिवशी मुलगा आला नाही, तो पुन्हा कधीच आला नाही. पुस्तकांचे पैसे आले, तेव्हा ते घ्यायला तो नव्हता. त्याच्यात काही नाही, हे कुणी पाहिले होते? पाहिले होते ते रिकामे हात.

माझ्या वर्गात पहिली तोंडी परीक्षा होते ती प्रत्येकाच्या हाती पुस्तक आणि कार्ड आल्यावर. "कुणाचं काही राहिलंय का?" असे मी रोज विचारतो. गेल्या वर्षी एका मुलीचा हात पंधरा दिवस वर होत होता. मागच्या बाकांवरून कुरकुर झाली, "सर, एकटीसाठी किती दिवस?" सोळाव्या दिवशी तिचे पुस्तक आले. त्यानंतरही मी तिला वाचायला आठवडाभर दिला. परीक्षेच्या दिवशी पहिला प्रश्न मी तिलाच विचारला. तिने उत्तर दिले आणि वर मला एक प्रश्न विचारला. त्यासाठी मला घरी येऊन दोन शब्दकोश उघडावे लागले.