सहा सेल
२००६-०७ मधील भारनियमनाच्या काळातली एक रात्र मला आजही टोचते. वसतिगृह अंधारात असताना एका खोलीतून हसण्याचे आवाज येत होते. आत बारा व्होल्टच्या बॅटरीवर लहानसा कृष्णधवल टीव्ही सुरू होता आणि त्याला जोडलेला व्हिडिओ गेम सहा रिचार्जेबल सेलांवर चालत होता. सेल अभ्यासाच्या दिव्यांतले असावेत, असे गृहीत धरून मी आठवीतल्या एका मुलाला सर्वांदेखत चोर म्हटले.

तो शांतपणे म्हणाला, "सर, सेल मामांनी दिलेत. दिवसा वीज असताना चार्ज करून ठेवतो. एक सेल १.२ व्होल्टचा, सहा एकसर जोडले की ७.२ होतात. गेमला आतून ५ व्होल्टच लागतात. जास्तीचे रेग्युलेटर उष्णतेत घालवतो."

पुराव्याविना दोषी ठरवल्या गेलेल्या माणसांचा इतिहास मी वर्गात शिकवत असे; त्या रात्री तोच अन्याय माझ्या मुखातून घडला. दुसऱ्या दिवशी वंदनेनंतर मी सर्वांसमक्ष त्या मुलाची क्षमा मागितली. असत्य वचनापासून विरत राहण्याचे चौथे शील मी लहानपणापासून म्हणत आलो होतो. त्याचा अर्थ मात्र मला माझ्या विद्यार्थ्याकडून कळला.