पताक

भरतनाट्यमच्या शिक्षणात ज्या हस्तापासून आरंभ होतो त्याचे नाव पताक: चारही बोटे ताठ आणि परस्परांना चिकटलेली, अंगठा किंचित दुमडून तर्जनीच्या मुळाशी टेकलेला. आकृती इतकी साधी, की मामलेदार कचेरीत अव्वल कारकून असलेले माझे वडील ती पाहून म्हणाले, "हे तर आम्ही फिर्यादीला थोपवताना रोजच करतो!" आणि ते शास्त्राला धरूनच होते, कारण नंदिकेश्वराच्या अभिनयदर्पणात पताकाच्या विनियोगांत निषेध आहेच, आणि त्याच यादीत मेघ, अरण्य, नदी, रात्रही आहेत. ही यादी मी घोकली, आणि हात योग्य आकाराचा झाला की अर्थ आपोआप येतो, अशी कित्येक वर्षे माझी श्रद्धा होती.

ती ढळली एका बैठकीच्या लावणीत. गाणारी बाई मांडी घालून बसलेली, वयाने प्रौढ. प्रियकराला बोलावण्याच्या ओळीवर तिचा हात गुडघ्यावरून उठलाच नाही, केवळ मनगट किंचित वळले आणि थबकले. पुनरावृत्तीत तेच मनगट वळेना, नजर मात्र दाराकडे गेली, आणि बोलावणे होते त्याची तक्रार झाली. त्या हाताला कोणत्याही ग्रंथात नाव नसावे. नाट्यशास्त्रात भरताने आंगिकाच्या जोडीला सात्त्विक अभिनय का सांगितला, हे मला तेव्हा उमगले: विचार आधी मनात पुरा होऊन मग हातात उतरतो असे नसून, पुष्कळदा तो मनगटातच जन्म घेतो.

ग्रंथांत न मावणाऱ्या अशा हातांची गोष्ट जुनीच आहे. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीच्या (1798–1832) दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु या बंधूंनी आजच्या भरतनाट्यमचा क्रम बांधला, आणि त्याच दरबारात नृत्यासाठी मराठी निरूपणेही रचली गेली. दप्तरांचे भाग्य असे, की शब्द टिकले. ज्या देहांनी ते नाचून दाखविले ते देह आणि त्यांचे हात मात्र कोणत्याही बस्त्यात बांधून ठेवता आले नाहीत. पुढे मुंबईत आचार्य पार्वतीकुमारांनी ती निरूपणे रंगमंचावर आणली, तेव्हा हे हात त्यांना नव्याने विचार करून घडवावे लागले असणार, आणि माझ्या मते पांडित्याची खरी कसोटी तेथेच लागते.

आता गुडघ्यांनी अर्धमंडीस, म्हणजे गुडघे वाकवून धरायच्या अर्ध्या बैठकीस, साफ नकार दिल्यामुळे मी बसूनच शिकवते. एक विद्यार्थिनी रात्र दाखविताना पताक माझ्यापेक्षा बराच खाली आणि फार सावकाश आणते. तिची रात्र माझ्या रात्रीहून जड आहे. मी तो हात दुरुस्त करीत नाही. परीक्षेतले दोन गुण गेले तर जावोत.