वरच्या मजल्यावरचा बाळंतिणींचा वॉर्ड

चि. अनघास,


रुग्णालयात उन्हाचा तडाखा सर्वांत जास्त बसतो तो वरच्या मजल्याला. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रीही धग सोडत राहतो, आणि नवजात बाळाला धड घामही येत नाही, तहान लागली हे सांगताही येत नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या एका महिन्यात शहरात नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले. तिथल्या शारदाबेन रुग्णालयात बाळंतिणींचा वॉर्ड सर्वांत वरच्या मजल्यावर होता आणि उष्म्याने आजारी पडलेली बाळे नवजात अतिदक्षता विभागात भरती होत होती. त्या उन्हाळ्यानंतर वॉर्ड खालच्या मजल्यावर आला. पुढे डॉक्टरांनी तीन उन्हाळ्यांच्या नोंदी तपासल्या. कमाल तापमान ४२ अंशांच्या वर गेले की दर अंशामागे अशा बाळांची भरती ४३ टक्क्यांनी वाढत होती. वॉर्ड हलवल्यावर ती ६४ टक्क्यांनी घटलेली आढळली. एवढा फरक खाटा खाली आणल्याने पडला, आणि तो कळला तो केसपेपर जपून ठेवल्यामुळे.

२०१३ मध्ये अहमदाबाद महापालिकेने दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा लागू केला. वेधशाळेचा इशारा वेळेत रुग्णालयांपर्यंत पोचवणे, उष्माघात ओळखण्याचे प्रशिक्षण डॉक्टर-परिचारिकांना देणे, पिण्याच्या पाण्याची सोय करणे, असे त्याचे साधे स्वरूप. या आराखड्यामुळे वर्षाला सरासरी ११९० मृत्यू टळले, असा नंतरच्या अभ्यासाचा अंदाज आहे. नागपूरनेही पुढे हाच मार्ग धरला.

या उष्म्याची दुसरी बाजू रुग्णालयांच्या स्वतःच्या धुराची, कारण तापमानवाढीत त्यांचाही वाटा आहे. जगातल्या एकूण हरितगृह वायूंपैकी ४ टक्क्यांहून अधिक आरोग्यक्षेत्रातून निघतात. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात मोतीबिंदूच्या एका शस्त्रक्रियेमागे सुमारे ६ किलो कार्बन डायऑक्साइडएवढे उत्सर्जन होते, ब्रिटनमध्ये सुमारे १३० किलो. अरविंदमध्ये उपकरणे निर्जंतुक करून पुन्हा वापरतात, औषधाची एक बाटली अनेक रुग्णांना पुरवतात, एका शस्त्रक्रियागृहात दोन टेबले ठेवतात. तरीही जंतुसंसर्गाचे प्रमाण अत्यल्प आहे. सगळे एकदा वापरून फेकले तरच रुग्ण सुरक्षित राहतो, हा समज त्यामुळे टिकत नाही. भूलतज्ज्ञांनी डेस्फ्लुरेनचा प्रश्न असाच लावून धरला. हा भुलीचा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे अडीच हजार पट तापमान वाढवतो आणि त्याला पर्याय हाताशी आहेत. २०२३ मध्ये स्कॉटलंडच्या सरकारी आरोग्यसेवेने तो बंद केला.

शारदाबेनसारख्या नोंदी तुझ्याकडेही हव्यात, म्हणून तुझ्या आरोग्य केंद्रात मार्च लागायच्या आत एक थर्मामीटर बाळंतिणींच्या खोलीत टांग, आणि दुपारचे व रात्रीचे तापमान रोज वहीत लिहायला लाव.

तुझा,
मामा