बारा हात की अठरा?

धरमतरच्या खाडीकाठी मास्तरकी करतो, म्हणून लोक मला काहीही विचारतात. शेजारच्या कोळीदादांनी विचारले, "गुरुजी, जिताड्यासाठी होडी बारा हातांची घेऊ की अठरा?"

"अठराच घ्या, उलटायची भीती नाही!" मी ऐटीत म्हणालो. पोहता न येणाऱ्याची अक्कल ती!

जिताडा भरतीबरोबर खाडीच्या अरुंद फाट्यांत शिरतो. तिथे अठरा हात वळवायचे कसे? ओहोटी लागली की होडी चिखलात बसे. भांगाच्या दिवसांत तर पाणीच थोडे. बारा हातांची बापलेकांनी सहज ढकलली असती. हिला तिसरा गडी लागला. तो म्हणजे धाकटा, माझ्याच सातवीतला. सहामाहीलाही तो आला नाही.

सध्या मी होडीला गिऱ्हाईक शोधतो आहे, खोल पाण्यातले.